जज्जसाहेबांची हद्द

बाबा यवतमाळला डिस्ट्रिक्ट अँड सेशन्स जज होऊन आले आणि आमच्या घरात दोन बाबा राहू लागले. दिवाणी दावा चालू असला की ते जिल्हा न्यायाधीश आणि खुनाचा किंवा दरोड्याचा खटला उभा राहिला की तेच सत्र न्यायाधीश. खुर्ची तीच, काळा कोट तोच, कोटाच्या खिशातली तपकिरीची डबीही तीच. पण आईच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं होती आणि त्यांची जेवणंही वेगळी होती. सकाळी चहाचं आधण ठेवतानाच ती विचारायची, "आज कोण आहात?" बाबा वर्तमानपत्राआडून "सेशन्स" म्हणाले की त्या दिवशी घरात मिरची फुटत नसे. तिखट पोटात गेलं की शिक्षा वाढते असं तिचं ठाम मत होतं. कुणाच्या तरी लेकराचा जीव टांगणीला लागलेला असताना आपण ठेचा कुटायचा, हे तिला पटत नसे. मग वरणभात, दुधीची भाजी आणि ताक. "डिस्ट्रिक्ट" असं उत्तर आलं तर मात्र पातोडीचा झणझणीत रस्सा किंवा गोळाभात आणि त्यावर हिंगाच्या फोडणीचं तेल. जमिनीच्या वादात माणसाचा जीव जात नाही, म्हणून तिखट चालतं, असा तिचा हिशेब. यवतमाळ जिल्ह्यात एका वर्षीचा जमिनीचा वाद पुढच्या वर्षी सेशन्सलाच येतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट घरात राहिली असती तर ठीक होतं. पण आमचा पट्टेवाला गणपत मनाचा मोकळा माणूस. त्याने ती बार रूममध्ये नेली, तिथून ती पक्षकारांपर्यंत गेली, आणि थोड्याच दिवसांत आमच्या मागच्या फाटकाशी सकाळी सकाळी दोन-चार माणसं नाक वर करून उभी राहू लागली. कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की ही माणसं हजर. खोकला येईल असा वास आला की आज शिक्षा वाढणार म्हणून बायका डोळ्यांना पदर लावत. एकदा नेरकडची एक म्हातारी, जिचा मुलगा आत होता, टोपलंभर दुधी भोपळे घेऊन आली. आईने ते परत केले, कारण ती लाच झाली असती. आणि म्हातारी रडत गेली म्हणून दिवसभर स्वतः जेवली नाही. बाबांना यातलं काहीही कळलं नाही. ते निकाल कायद्यानेच देत असणार. पण गावाचा विश्वास भोपळ्यावर होता.

या पदाचा दुसरा नियम असा होता की जज्जाला ओळख नसते. बाबा बाजारात जात नसत, कुणाच्या मुंजीला नाही, लग्नाला नाही. आईला हळदीकुंकवाला जाण्याआधी गणपतकडून चौकशी करावी लागे, की त्या घरातल्या कुणाची केस आहे का. हळूहळू असं लक्षात आलं की यवतमाळात ज्यांची केस नाही अशी घरं फार थोडी, आणि ती हळदीकुंकू करत नाहीत. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. मैत्रिणी माझ्याशी बोलायला कचरत, मास्तर मला गृहपाठ विचारत नसत. मला हे फार आवडे, हे कबूल केलेलं बरं. त्रास होता तो माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला.

अक्काचा साखरपुडा आम्ही अकोल्याला असतानाच झाला होता. तेव्हा बाबा तिथे धाकट्या कोर्टात होते. मुलगा मधुकर, यवतमाळचा, नुकताच वकील झालेला. त्याचे वडील तात्यासाहेब तिथले नावाजलेले वकील. मुलगा शेलाटा होता, हसताना तोंडावर हात धरायचा, आणि अक्काला तो पाहताक्षणी आवडला होता. तिने मला रात्री पांघरुणात सांगितलं होतं, आणि असं काही सांगणारी आमची अक्का नव्हती. साखर वाटून महिना होतो न होतो तोच वरून हुकूम आला. बाबांना बढती. डिस्ट्रिक्ट अँड सेशन्स जज, यवतमाळ. आईने देवापुढे पेढा ठेवला. सासर आणि माहेर एकाच गावात, म्हणून अक्काच्या चेहऱ्यावर नुसती दिवाळी. बाबा मात्र हुकूम हातात घेऊन खाटेवर बसले ते बसलेच. ज्याच्यापुढे अर्ज करायचा तो जज्ज सासरा, आणि अर्ज करणारा वकील जावई, हे त्यांच्या डोक्यात कुठल्याच कप्प्यात बसेना.

यवतमाळला आल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब संत्र्यांची करंडी घेऊन भेटायला आले. बाबांनी गणपतला बाहेर पाठवलं. गणपत म्हणाला, "साहेब म्हनते, का वकील लोकायले आमी घरी भेटत नाही." तात्यासाहेब म्हणाले, "अरे, मी व्याही आहे." गणपत आत आला, पुन्हा बाहेर गेला, म्हणाला, "साहेब म्हनते, व्याही हाये पन वकीलबी हाये." करंडी परत गेली. आई देवघरात जाऊन बसली. अक्का खिडकीच्या गजाशी उभी होती, तिने सगळं पाहिलं.

कोर्टात याहून मोठी मजा झाली. "जज्जाचा जावई" अशी बातमी पसरल्यावर जिल्हाभरातून पक्षकार मधुकरच्या दारात येऊन पडले. वणीच्या कोळशाच्या खाणीकडचे ठेकेदार, पुसदचे सावकार, सगळे त्यालाच वकीलपत्र देऊ लागले. तो बिचारा हात जोडून परत पाठवायचा. तरी जी दोन-चार कामं गळ्यात पडली, त्यांत बाबांनी असा काही कडकपणा दाखवला की विचारू नका. आपण जावयाला झुकतं माप दिलं असं वाटू नये, म्हणून त्याचा प्रत्येक अर्ज नामंजूर. साध्या तारखेचा अर्जसुद्धा नामंजूर. मग पक्षकारांनी डोकं चालवलं. ते मधुकरला वकीलपत्र देईनात, उलट तो आपल्या विरोधी बाजूला लागावा म्हणून खटपट करू लागले. समोर मधुकर उभा आहे म्हटल्यावर यांचे वकील निवांत पान खात बसत. माझा नातू आता वकिली करतो, तो मला म्हणतो, "आजी, एवढं सोपं होतं. मधुकर आजोबांच्या फाइली दुसऱ्या जज्जाकडे पाठवायच्या." बाबांनी तेही केलं होतं. पण जिल्ह्यातले बाकीचे जज्ज त्यांच्या हाताखालचे, त्यांच्या कामावर शेरा लिहिणारे बाबाच. साहेब एवढे कडक, तर आपण मऊ दिसायला नको, म्हणून ते बाबांहूनही कडक झाले.

आणि लग्नाचं काय, असं आईने विचारलं की बाबा म्हणत, "माझी बदली झाली की करू." बदली तीन वर्षांनी. अक्काने तेव्हाच बाविशी ओलांडली होती. शेवटी तात्यासाहेबांच्या पत्नीने, त्यांना सगळे माई म्हणत, आईला देवळात गाठलं. देवळात भेटायला हरकत नव्हती, तिथे कुणाचीच हद्द नाही. माई म्हणाल्या, "अहो, माझ्या पोराची वकिली गेली ती गेली, आता त्याचं लग्नही तुम्ही तारखांवर ढकलून राहिले. या लगनसराईत उरकलं तर ठीक. नाही तर आम्ही मोकळे. अमरावतीचं एक स्थळ सांगून आलंय." आईने घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांचा तो हक्क आहे." अक्का भाजी निवडत होती. ती ताटली तशीच ठेवून उठली. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांची तपकिरीची डबी कोटातून काढून हौदात टाकली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

अशा वेळी आमच्याकडे हरसिंग नायक आले. केळापूरच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्याचे ते नायक. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत; हे मात्र ज्वारी-कापूस पिकवून तांड्यातच राहत. तांड्यातलं भांडण, काडीमोड, चोरी, सगळ्यांचा निवाडा नायकाने करायचा, पोलिसात जायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे नायक स्वतःला बाबांचा समव्यवसायी समजत. नवा जज्ज आला की आपण होऊन भेटायला येत. काम काही नसे. डोक्याला पांढरं पागोटं, हातात चांदीचं कडं, गणपतला बाजूला सारून सरळ व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत आणि म्हणत, "राम राम जज्जनायक. कसं चालून राह्यलं तुमचं कोर्ट?" ज्याची आमच्या कोर्टात एकही केस नाही असा हा जिल्ह्यातला एकमेव माणूस असावा. म्हणून बाबांना त्यांच्याशी बोलता येई, आणि बाबा बोलण्याचे किती भुकेले होते ते तेव्हा दिसे. "तुमच्याकडे अपील असतं का?" बाबा विचारत. "कायचं अपील? म्या सांगतलं का झालं." बाबा हेव्याने मान हलवत.

रविवार होता. बाबा आणि नायक असेच व्हरांड्यात बसले होते. अक्का चहा घेऊन गेली. तिने कपबशा तिवईवर ठेवल्या आणि परत फिरायच्या ऐवजी नायकांच्या समोर जमिनीवर बसली. "नायककाका," ती म्हणाली, "माझा एक न्याय करायचा आहे." बाबा हसले. पोरगी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. नायक हसले नाहीत. त्यांनी चहा बाजूला सारला. "कोनावर फिर्याद हाये, बाई?" "बाबांवर." नायकांनी बाबांकडे पाहिलं. "मंग साहेब, तुमाले खाली बसा लागते. ज्याच्यावर फिर्याद, थो खुर्चीत बसत नाही."

मी दाराआड होते. गणपत खांबाला धरून उभा होता. बाबा काय करतील याचा आम्हाला अंदाज येईना. आमच्यासारख्या माणसाला वाटेल की ते रागावतील. पण माझ्या बाबांचा सगळा जन्म कोर्टात गेला होता. कुणी नीट बसून, दोन्ही बाजू ऐकायच्या तयारीने समोर पाहिलं, की ते त्यांच्या दृष्टीने कोर्ट. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि अक्कापासून हातभर अंतरावर सतरंजीवर मांडी घालून बसले. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश दोघेही एकदम खाली बसले. गणपतने तोंड भिंतीकडे केलं.

अक्काने थोडक्यात सांगितलं. साखर वाटली आहे, मुलगा मला पसंत आहे, बाबा लग्न लावत नाहीत, आणि तिकडचे लोक आता थांबणार नाहीत.  मग बाबांनी बाजू मांडली, आणि फार चांगली मांडली. न्यायदान निष्पक्ष असणं पुरेसं नाही, ते तसं दिसलं पाहिजे, लोकांचा विश्वास कसा तडकतो, असं पुष्कळ. नायक डोळे मिटून ऐकत होते. बाबांचं संपल्यावर म्हणाले, "बेस बोलले. आता मले एवढं सांगा. साखर कवा खाल्ली अन् जज कवा झाले?"

"साखर आधी," बाबा म्हणाले.

"जज होतानी पोरीले इचारलं होतं?"

"तसं विचारत नसतात."

"म्हंजे नाही इचारलं. बरं, तुमची हद्द कोठवरी?"

"जिल्ह्यापुरती. तिकडे वणीच्या पुढे वर्धा नदीपर्यंत."

"नदीच्या पल्याड तुमी कोन?"

बाबा विचारात पडले. प्रश्न कायद्याचा होता आणि त्याचं उत्तर खरं द्यायला हवं होतं. "पलीकडे चांदा जिल्हा. तिथे मी कोणी नाही."

"कोनी नाही कसे? पोरीचे बाप हाये ना तुमी तिथं?" नायक म्हणाले. "इथं जज हाये म्हनून बाप होता येत नाही, तर चला पल्याड. याच लगनसराईत लगन लावा. अन् पोरीले येवढं रडवलं म्हनून दंड. वाटंतल्या साऱ्या तांड्यायले गूळ वाटा. म्या सोता येतो."

बाबा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता अपिलाची भाषा निघणार. पण ते म्हणाले, "निवाडा मान्य आहे," आणि उठायला अक्काचाच खांदा धरला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिचे हात पिठाचे होते, आणि ती रडत होती. मी आयुष्यात पुष्कळ न्यायाधीश पाहिले, काही नात्यातलेच निघाले, पण हरसिंग नायकांएवढा हुशार मला कुणी भेटला नाही.

वैशाखात लग्न झालं. मुलाकडचे एका मोटारीने, आम्ही भाड्याच्या ट्रकने, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना ओळख न दाखवता यवतमाळहून निघाल्या. वाटेत मोहद्याला दोन्ही गाड्या एकाच हॉटेलसमोर थांबल्या. तात्यासाहेब आणि बाबा पाठीला पाठ लावून चहा प्यायले. वणीच्या पुढे नदीवर पोचलो तेव्हा पात्र बहुतेक कोरडंच, मधोमध गुडघाभर पाण्याची धार. पलीकडच्या वाळूत नायकांच्या माणसांनी मांडव घातला होता. माई सारख्या म्हणत होत्या, "वाळूत लग्न लावतात का कुठं?" पण मुलगा असा हसत होता की त्यांचं कुणी ऐकलं नाही. बाबा धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि मध्येच थांबले. जिल्ह्याची हद्द धारेच्या ऐन मध्यातून जाते, असं ते कुठेतरी वाचून आले होते, आणि मध्य कुठला ते त्यांना ठरवता येईना. सगळं वऱ्हाड काठावर उन्हात तळत उभं. शेवटी नायक पाण्यात उतरले, बाबांच्या दंडाला धरून चार पावलं पुढे नेलं आणि म्हणाले, "झालं. आता हासा."

बाबा हसले की नाही ते मला दिसलं नाही. पण पलीकडे पोचल्यावर ते ओल्या पायांनी तसेच चालत तात्यासाहेबांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. तात्यासाहेबांच्या तोंडून सवयीने "युवर ऑनर" निघून गेलं. मग सीमांतपूजन झालं. मुलीच्या बापाने नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे असतात. बाबा वाळूत बसून मधुकरचे पाय धूत होते आणि ज्याचा प्रत्येक अर्ज त्यांनी नामंजूर केला होता तो मधुकर पाटावर बसून पाय मागे ओढत होता. पाय पुसून झाल्यावर बाबांनी त्याला विचारलं, "जेवलास का रे सकाळी काही?" तो म्हणाला, "नाही." बाबांनी मला हाक मारून त्याच्यासाठी दोन लाडू मागवले. लग्न लागायच्या आधी नवऱ्याने खायचं नसतं, असं माई ओरडत होत्या. बाबांनी तेही ऐकलं नाही.

पुढचं सांगायचं तर मधुकररावांनी कोर्ट सोडलं आणि कलेक्टर-तहसीलदारांकडची कामं धरली. तिथे बाबांचा हुकूम चालत नव्हता. पण तात्यासाहेब अजून बाबांपुढेच उभे राहत. त्यामुळे अक्का आमच्या बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर राहायला आली आणि तिला माहेर उरलं नाही. ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती, बाबा तिच्याकडे जाऊ शकत नव्हते. दिवाळी आली की दोन्ही घरं वेगवेगळ्या गाड्यांनी निघत, धूळ खात वणीपर्यंत जात, नावेतून नदी ओलांडत, आणि पलीकडच्या काठावर सतरंजी टाकून चिवडा-लाडू खात. पाडव्याची ओवाळणी तिथेच. तिचं बाळंतपणही आईने पलीकडे वरोऱ्याला खोली घेऊन केलं. बाबांनी नातवाला पहिल्यांदा पाहिलं ते रजा टाकून वरोऱ्याला येऊन. लोक हसत. आम्हीही हसत असू. पण अक्काच्या ओसरीवरचा दिवा आमच्या गच्चीतून दिसायचा, आणि संध्याकाळी बाबा तिथे जाऊन उभे राहत. मला ते पाहवत नसे.

बदलीचा हुकूम तिसऱ्या वर्षी आला. बाबांनी दुपारी चार्ज दिला, घरी येऊन चहा घेतला आणि मला म्हणाले, "चल." गणपत सवयीने पुढे निघाला, त्याला त्यांनी परत पाठवलं. कोट न घालता, नुसत्या सदऱ्यावर ते रस्त्याने चालत होते. दुकानदार उठून उभे राहत होते आणि बाबा त्यांना नमस्कार करत होते, जरा जास्तच. अक्काच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी कडी वाजवली. आतून अक्काने विचारलं, "कोण आहे?" बाबा माझ्याकडे पाहायला लागले. इतकी वर्षं त्यांच्या आधी त्यांचं नाव सांगणारा कुणीतरी असायचा.  मग ते म्हणाले, "मी. तुझा बाप."

दार उघडलं. कडेवर पोरगं, हाताला भाजीची हळद. अक्काचे डोळे भरून आले. बाबा उंबऱ्यावर पाय ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "थांबा." पोरगं माझ्याकडे देऊन ती आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. पहिल्यांदा घरात येणाऱ्या नव्या सुनेवरून ओवाळतात तसा तिने तो तुकडा बाबांवरून ओवाळला आणि बाजूला टाकला. मग वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. बाबा मान खाली घालून गुमान उभे होते. "उजवा पाय आधी," ती म्हणाली, आणि त्यांनी उजवा पाय आधी आत टाकला.